सायलेन्सरच्या टिपवर काळा रंग टिकत नाही: सिरॅमिक, पावडर कोटिंग की पीव्हीडी?

वर्धारोड_पिकअप

नमस्कार मंडळी. गाडी इसुझू व्ही-क्रॉस, बीएस-६ डिझेल. मागे बाजारातली स्टेनलेसची टिप आहे. बाहेरचा व्यास ८९ मिमी, लांबी ३०० मिमी, तोंड तिरपं कापलेलं, डबल वॉल (एकात एक दोन भिंती, मध्ये पोकळी), कड आत वळवलेली. मूळ फिनिश आरशासारखं पॉलिश. त्यावर ६५० अंश सेल्सिअस लिहिलेला मॅट काळा हीट पेंट मारला होता.

चार महिन्यांत झालेली अवस्था अशी: तोंडाच्या कडेला नखाएवढे पापुद्रे सुटलेत, खालच्या बाजूला गिट्टी लागून चांदीसारखे ठिपके पडलेत आणि डिझेलच्या फडक्यानं पुसलं की फडकं काळं होतं. ती काजळी नाही. पुसलेल्या जागी धातू उघडा दिसतो, म्हणजे रंगच निघतोय.

वापर रोज बुटीबोरी एमआयडीसी ते शहर. आठवड्यातून एकदा कोराडी-खापरखेडा, म्हणजे तिथल्या औष्णिक वीज केंद्रांची राख आणि धूळ भरपूर. महिन्यातून एकदा अमरावती, मागे पाचशे-सहाशे किलो माल.

६५० अंशांचा रंग इतक्या लवकर काहून जातो? ८०० अंशांचा घेतला तर टिकेल का? की सरळ पावडर कोटिंग, सिरॅमिक किंवा काळं क्रोम करावं? चकाकी नको, साधा काळा पाहिजे, पण दोन-तीन वर्षं हात लावायची गरज पडू नये. बजेट चार हजारांपर्यंत.

कोटिंग_हिंगणा

भाऊ, तुमचा रंग उष्णतेनं गेला नाही. उष्णता कमी पडली म्हणून गेला. डिझेलच्या फडक्यानं रंग निघणं हीच त्याची खूण आहे.

हीट पेंटमध्ये सिलिकोन रेझिन असतं. हवेत वाळल्यावर हा रंग हाताला कोरडा लागतो, पण रेझिन आतून जोडलेलं नसतं. जोडणी व्हायला धातू २०० अंशांच्या वर जाऊन काही वेळ तिथं राहावा लागतो. चांगल्या कंपन्यांच्या डब्यावर साधारण अशी पद्धत दिलेली असते: १२० अंशांवर अर्धा तास, थंड, २०० वर अर्धा तास, थंड, ३१५ वर अर्धा तास, थंड. मॅनिफोल्डवर मारला तर इंजिनच हे काम करून देतं. टिप मात्र इंजिनपासून तीन-साडेतीन मीटर लांब, वर डबल वॉल. रोजच्या शहरी चालीत बाहेरची भिंत शंभरच्या आसपास घोटाळत राहते. त्यामुळे रंग कायम अर्धकच्चा राहतो आणि डिझेल, थिनर, ग्रीस, जे लागेल त्यात विरघळतो. डब्यावरचा ६५० किंवा ८०० हा आकडा रंग किती सोसतो ते सांगतो. तो पिकायला काय लागतं ते सांगत नाही. म्हणून ८०० वाला घेऊन काहीच फरक पडणार नाही.

दुसरं कारण पॉलिश. आरशासारख्या स्टेनलेसवर रंगाला दात धरायला जागाच नसते. त्यात ३०४ स्टेनलेस तापल्यावर साध्या लोखंडाच्या जवळजवळ दीडपट फुगतं. तुमची ३०० मिमीची टिप २०० अंशांनी तापली तर लांबीत सुमारे १ मिमी वाढते आणि थंड झाली की परत येते. रोज हीच ओढाताण. पकड नसलेला थर कडेपासूनच सुटायला लागतो.

आता पर्यायांकडं येतो.

काळं क्रोम या कामासाठी घेऊ नका. बाजारात काळं क्रोम म्हणून जे मिळतं ते बऱ्याचदा काळं निकेल असतं. ते घरातल्या शोभेच्या वस्तूंना ठीक, पण उष्णतेनं तपकिरी पडतं आणि घासलं की जातं. खरं काळं क्रोम बरं, पण थर फार पातळ, गिट्टीपुढं टिकत नाही.

पीव्हीडी, म्हणजे व्हॅक्यूममध्ये वाफेतून बसवलेला पातळ थर, हा सगळ्यात कडक. टायटॅनियम ॲल्युमिनियम नायट्राइडचा थर कापायच्या टूल्सवर असतो तोच, जाडी १ ते ३ मायक्रॉन, आणि ७००-८०० अंशांपर्यंत त्याला काही होत नाही. रंग गडद राखाडी, किंचित जांभळट. कोळशासारखा काळा नाही. डीएलसी (हिऱ्यासारखा कडक कार्बनचा थर) जास्त काळा दिसतो, पण ३५० च्या आसपास खराब व्हायला लागतो. अडचण वेगळीच आहे: पीव्हीडी व्हॅक्यूममध्ये होतं, आणि डबल वॉलच्या पोकळीत अडकलेलं तेल, पॉलिशचं मेण, ओल तिथं बाहेर येऊन त्या खेपेतला सगळा माल बिघडवते. म्हणून जॉबवर्कवाले डबल वॉल टिप घ्यायला तयार होत नाहीत. सिंगल वॉल असती तर विचार करायला हरकत नव्हती.

तुमच्यासाठी माझं मत: हवेत पिकणारं एक्झॉस्ट सिरॅमिक. सेराकोटची सी सिरीज किंवा त्या जातीचं दुसरं. थर २५ मायक्रॉनच्या आतबाहेर, भट्टी लागत नाही, खोलीच्या तापमानाला पाच दिवसांत पूर्ण पिकतं. म्हणजे तुमच्या टिपचा मूळ दोष, उष्णता कमी मिळणं, तो इथं आडवा येत नाही. एक खबरदारी: डिटेलिंगच्या दुकानात 'सिरॅमिक कोटिंग' मागू नका. ते बॉडीच्या पेंटवर चोळायचं पारदर्शक द्रव आहे, त्यानं टिप काळी होत नाही. 'एक्झॉस्टचं, ब्लास्ट करून गननं मारायचं सिरॅमिक' असं स्पष्ट सांगा.

आणि कोटिंग कोणतंही करा, ब्लास्टिंगशिवाय (दाबाच्या हवेनं खरखरीत कण मारून पृष्ठभाग खरबडीत करणं) करू नका. ॲल्युमिनियम ऑक्साइड, १०० ते १२० मेश, प्रेशर ४ ते ५ बार, नोझल १५-२० सेंमी लांब. पातळ पत्रा असल्यानं एकाच जागी धरून ठेवलं तर वाकतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मीडिया (मारायचे कण) नवा किंवा फक्त स्टेनलेसवर वापरलेला हवा. ज्या मीडियानं आधी गंजलेलं लोखंड साफ केलं त्यानंच तुमची टिप मारली, तर लोखंडाचे कण स्टेनलेसमध्ये रुततात आणि पहिल्या पावसाळ्यात कोटिंगच्या खालून नारिंगी ठिपके उमटतात. लोक कोटिंगला दोष देतात. चूक ब्लास्टिंगच्या पेटीतली असते. कामाला देताना हे विचाराच.

वाडी_डिझेल

वरचं बहुतेक पटलं, पण पावडर कोटिंगला इतक्यात बाद करू नका. आधी तापमान मोजा, मग ठरवा.

साधी पॉलिएस्टर पावडर, म्हणजे फवारून भट्टीत वितळवायची भुकटी, १८० ते २०० अंशांवर पिकते. सतत त्याच्या जवळ ठेवली तर चमक जाते, तपकिरी होते, ठिसूळ पडते. पण डबल वॉल टिपची बाहेरची भिंत आतल्या भिंतीपेक्षा बरीच थंड असते, मधल्या हवेमुळं. गिट्टीचा मार सोसण्यात ६०-८० मायक्रॉनची पावडर २५ मायक्रॉनच्या सिरॅमिकपेक्षा सरस आहे, हे मान्य करायला पाहिजे. जुन्या बीएस-४ डिझेलला बाहेरच्या भिंतीवर साधी पावडर चालून जाते.

बीएस-६ मध्ये भानगड डीपीएफची, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची. फिल्टरमधली काजळी जाळायला गाडी अधूनमधून रीजनरेशन करते, तेव्हा फिल्टरमध्ये तापमान ५५०-६५० पर्यंत जातं. टिपपर्यंत येताना ते खूप उतरतं, तरी रोजच्यापेक्षा बरंच जास्त असतं. त्या पंधरा-वीस मिनिटांत बाहेरची भिंत किती तापते, यावर सगळं अवलंबून.

मोजताना एक चूक सगळे करतात. इन्फ्रारेड गन सरळ चकचकीत स्टेनलेसवर धरतात. पॉलिश धातू स्वतःची उष्णता फार कमी बाहेर फेकतो, त्यामुळे गन २०० ला ७०-८० सुद्धा दाखवते. टिपवर रुपयाएवढा मॅट काळ्या हीट पेंटचा ठिपका द्या, एक आतल्या भिंतीवर, एक बाहेरच्या, आणि त्या ठिपक्यावर गन धरा. गनमध्ये एमिसिव्हिटीची (पृष्ठभाग किती उष्णता बाहेर फेकतो त्याची) सेटिंग असेल तर ०.९५. मल्टिमीटरसोबत के-टाइप प्रोब (तापमान मोजायची तार) असेल तर तो क्लॅम्पखाली दाबून बसवा, ते जास्त भरवशाचं.

माल भरून किमान ४० मिनिटं हायवेला चालवा, थांबल्यावर एका मिनिटाच्या आत मोजा. रीजनरेशन चालू असताना आयडल थोडं चढलेलं असतं, फॅन जोरात चालतो, जळकट वास येतो. तेव्हा परत मोजा. वाळलेल्या गवतावर गाडी उभी करून हे करू नका. एप्रिल-मेमध्ये रस्त्याकडेचं गवत पेटायला तेवढी उष्णता पुरते.

बाहेरची भिंत कधीच १३०-१४० च्या वर गेली नाही तर साधी पावडर चालेल. गेली तर सिलिकोनवाली हाय-टेंपरेचर पावडर मागा, ती ५०० च्या वर जाते, पण ती मॅटमध्येच आणि थर पातळ.

वर्धारोड_पिकअप

दोघांचे आभार. ठिपके देऊन मोजलं. आयडलला १५ मिनिटांनी आतली भिंत ६८, बाहेरची ५१. अमरावती रोडला माल भरून आतली १७२, बाहेरची ११४. काल रीजनरेशन सापडलं: आतली २६६, बाहेरची १७१.

म्हणजे साधी पावडर बाद, बरोबर? दुसरं म्हणजे सिरॅमिक गननं मारणारं कोणी जवळ मिळालं नाही तर हाच हीट पेंट नीट पिकवून टिकेल का? ओळखीत पावडर कोटिंगची भट्टी आहे.

कोटिंग_हिंगणा

हो, १७१ ला साधी पावडर बाद. महिन्यातून काही वेळाच एवढं तापणार, पण तोंडाच्या कडेला, जिथं दोन्ही भिंती जुळतात, तिथं आतल्या भिंतीचं तापमान सरळ येतं. पिवळेपणा तिथूनच सुरू होईल.

हीट पेंट नीट पिकवला तर चांगला टिकतो. आकडेच सांगतात, तुमची बाहेरची भिंत गाडीवर २०० ला पोचतच नाही, म्हणून पिकवायचं काम गाडीबाहेरच झालं पाहिजे. क्रम असा ठेवा.

जुना रंग पेंट रिमूव्हरनं काढा, मग टिप कोरीच भट्टीत २०० अंशांवर एक तास ठेवा. ही पायरी लोक गाळतात. डबल वॉलच्या वळवलेल्या कडेत पॉलिशचं मेण आणि दाबकामाचं तेल दडलेलं असतं. भट्टीतून काढल्यावर कडेच्या रेषेत तपकिरी, मधासारखे ओघळ दिसतील. ते आता निघाले नाहीत तर रंग मारल्यावर निघतील, आणि नेमके कडेवरच पापुद्रे येतील. तुमचे पहिले पापुद्रे कडेला होते, त्यात याचाही वाटा असणार. ओघळ यायचे थांबेपर्यंत परत तापवा.

मग ब्लास्टिंग. सोय नसेल तर हातानं १२० नंबरचा एमरी, नंतर १८०, आडवा-उभा दोन्हीकडं, एकही चकाकणारी जागा उरता कामा नये. तोंडाची धारदार कड पेपरनं मोडून अर्धा ते एक मिमी गोल करा. धारेवर रंग थांबत नाही, वाळताना दोन्ही बाजूंना ओढला जातो आणि धारेवर नावापुरता थर उरतो.

एसिटोननं दोनदा पुसा, दर वेळी नवीन पांढरं कापड. पेट्रोल किंवा साधं थिनर नको, ते तेलकट थर मागे सोडतं. तपासायचं असेल तर डिस्टिल्ड पाणी शिंपडा: पाणी सलग चादरीसारखं पसरलं तर साफ, थेंब थेंब होऊन गोळा झालं तर अजून तेल आहे. नागपूरचं बोअरचं पाणी यासाठी वापरू नका, क्षाराचे डाग राहतात. पाणी वाळवून शेवटचा एसिटोन, आणि त्यानंतर हातमोज्याशिवाय शिवायचं नाही. आसपास टायर पॉलिश किंवा डॅशबोर्ड स्प्रे मारलेला नको. त्यातलं सिलिकोन हवेतून बसतं आणि रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात.

प्राइमर, पुट्टी काही नाही. नेहमीचा इपॉक्सी प्राइमर खाली जळतो आणि वरचा थर घेऊन सुटतो. वर गाडीचा क्लिअर कोट मारायचा मोह टाळा, तो पिवळा पडून फुगतो.

रंगाचे तीन पातळ हात, मध्ये दहा-दहा मिनिटं, स्प्रेचा डबा २५ सेंमी लांब. पहिला हात इतका हलका की खालचा धातू अर्धवट दिसला पाहिजे. एकूण थर ३०-४० मायक्रॉन. जाड मारला तर वरची साय आधी पिकते, आतलं सॉल्व्हंट कोंडतं आणि भट्टीत फोड येतात. तोंडातून आत ४०-५० मिमी पर्यंत रंग वळवून घ्या. कडेवरच थांबवला तर आतून येणारी ओल आणि काजळीतलं आम्ल त्या सांध्यातून शिरतं.

वेळ निवडा. मेमध्ये दुपारी ४४-४५ अंशांत मारलात तर रंग हवेतच वाळून भुकटीसारखा बसतो, हाताला पॉलिश पेपर लागतो तसा लागतो, आणि अशा थराला पकड नसते. उन्हाळ्यात सकाळी सहाला, टिप सावलीत रात्रभर ठेवलेली असताना. जुलै-ऑगस्टमध्ये दमट दिवशी मारूच नका. ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यात उत्तम.

चोवीस तासांनी भट्टी: १२० ला अर्धा तास, बाहेर काढून पूर्ण थंड, २०० ला अर्धा तास, पूर्ण थंड. वेळ धातू त्या तापमानाला पोचल्यापासून मोजायचा, भट्टीचा काटा पोचल्यापासून नाही. पावडरची भट्टी बहुधा २२० च्या पुढं जात नाही. शेवटचा ३१५ चा टप्पा हीट गननं करा: टिप विटेवर उभी, गन ५-७ सेंमीवर, सतत फिरवत, एका बाजूला पाच-सहा मिनिटं. धूर निघेल, तो निघून थांबला पाहिजे. हे मोकळ्या हवेत. घरातला ओव्हन या कामाला कधीच नाही, त्यात परत अन्न जाणार असतं.

पिकला की नाही याची परीक्षा: आतल्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी एसिटोनचं कापड दाबून २५ वेळा मागं-पुढं घासा. कापडावर हलकी काळी झाक आली तर ठीक. कापड पूर्ण काळं होऊन धातू दिसला तर कच्चा आहे, परत तापवा.

आर्गन_कामठीरोड

फिटिंगबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो. अर्धे रंग तिथं जातात.

रंगाच्या आधी टिप खरंच ३०४ आहे का ते बघा. नुसत्या चुंबकानं कळत नाही. ३०४ ला चुंबक लागत नाही, तसा २०२ या दुसऱ्या जातीच्या स्टेनलेसलाही लागत नाही. स्क्रॅपवाल्यांकडं मॅंगनीज तपासायचं थेंबाचं लिक्विड असतं, इतवारीत लोहा ओळीकडं कोणाकडूनही एक थेंब टाकून घ्या: थेंब गडद लाल झाला की २०० सिरीज (२०२ ची जात). त्या टिपवर महागडं सिरॅमिक करण्यात अर्थ नाही, पावसाळ्यात ती रंगाखालून गंजायला लागते. चुंबक कडक चिकटला तर ती बहुधा क्रोम केलेलं लोखंड आहे. त्यावर रंग मारायचा तर क्रोम प्लेटिंगवाल्याकडून उतरवून घ्यावं लागेल. जस्त चढवलेली असेल तर तापवू नका, धूर विषारी असतो.

डबल वॉल टिपच्या पोकळीत पाणी जमतं. सकाळी गाडी चालू केल्यावर टिपमधून थेंब पडतात ना, तेच पाणी, त्यात काजळीतलं आम्ल मिसळलेलं. टिप बसवल्यावर जी बाजू खाली येते तिथं बाहेरच्या भिंतीला मागच्या टोकाजवळ ४ मिमीचं भोक पाडा. रंगाच्या आधी पाडा, नंतर नाही, आणि भोकाची कडही मोडून घ्या.

वेल्डिंगचा टॅक (टाका) मारायचा असेल तर तोही आधी. वेल्डिंगचा निळा-तपकिरी डाग फ्लॅप व्हीलनं पूर्ण काढा, डागावर मारलेला रंग डागासकट निघतो. फ्लॅप व्हील नवीन घ्या, लोखंडावर फिरवलेलं नको. मी तर क्लॅम्पच सुचवीन, स्टेनलेसचा रुंद पट्ट्याचा. टिप मूळ पाइपवर ४०-५० मिमी चढली पाहिजे आणि तेवढ्या भागात आतून रंग नको, नाही तर तापल्यावर रंग दबून क्लॅम्प ढिला होतो. पहिल्या ५० किमीनंतर क्लॅम्प परत आवळा. मूळ पाइपचं टोक गंजलेलं असेल तर तेही घासून रंगवून घ्या. नाहीतर पावसात गंजाचं पाणी नव्या काळ्या टिपवरून ओघळत येईल.

हँगरचे रबर हलवून बघा. रबर ढिले असतील तर टिप खड्ड्यात बंपरला लागते, आणि रंग वरच्या बाजूनं एका रेषेत जातो. बंपरच्या प्लास्टिकपासून २० मिमी तरी अंतर ठेवा.

धुण्याचं सांगतो. कोराडी-खापरखेड्याकडची राख बसली असेल तर कोरड्या कापडानं पुसू नका, ती राख पॉलिश पावडरसारखी घासते. टिप हाताला थंड लागेल तेव्हाच आधी नुसतं पाणी सोडा, मग गाडीचा शाम्पू, मग लगेच पुसून कोरडी करा. अलॉय व्हीलचं आम्लवालं क्लीनर किंवा टॉयलेट क्लीनर कधीही नाही: त्यातलं ॲसिड रंग तर खातंच, खालच्या स्टेनलेसलाही सुईसारखी भोकं पाडतं. प्रेशर वॉशरची नोझल ३० सेंमीच्या आत आणू देऊ नका, विशेषतः तोंडाच्या कडेवर.

गिट्टीचा ठिपका पडलाच तर वाट बघू नका. तेवढीच जागा ३२० पेपरनं घासा, एसिटोन, कापसाच्या काडीनं त्याच डब्यातला रंग दोनदा, आणि हीट गन दहा मिनिटं.

वर्धारोड_पिकअप

लिक्विडची चाचणी आजच केली, थेंब लाल झाला नाही, चुंबकही लागत नाही. भोक नव्हतं, ते उद्या पाडून घेतो. हीट पेंटच करतो, पण ऑक्टोबरात. तोवर जुना रंग काढून टिप कोरीच ठेवली तर चालेल ना?

आर्गन_कामठीरोड

चालेल. कोरं ३०४ पावसाला घाबरत नाही. फक्त एमरी मारून ठेवू नका, खरबडीत पृष्ठभागात काजळी आणि राख रुतते. जुना रंग रिमूव्हरनं काढा, बाकी घासकाम रंगाच्या आदल्या दिवशी करा.